पाच व्होल्टच्या वरचा वारा

ऐंशीच्या दशकात मी आमच्या बेटावर, क्युरपिप गावाजवळच्या एका ऊस संशोधन केंद्रात प्रयोगशाळेत कामाला होते. आमचे साहेब आपल्याच मराठी लोकांतले, पण मराठी बोलायचे ते देवळातल्या भाषणात. एरवी फ्रेंच, आणि चिडले की बेटावरची बोली, क्रिओल. परदेशातून ते एक डिप्लोमा आणि दोन टाय घेऊन आले होते. त्यातले टायच काय ते कामाला आले.

त्यांनी संगणक मागवला आणि सोबत एक कार्ड. छतावर वारा मोजायच्या वाट्या फिरत. वारा वाढला की त्यांतून येणारे व्होल्ट वाढत, आणि कार्ड त्या व्होल्टांचा आकडा करून संगणकाला देई. रोजच्या वाऱ्याला दोन-तीन व्होल्ट येत. कार्डाला शून्य ते पाचच चालत. पाचाच्या वर कितीही आले तरी ते तोच शेवटचा आकडा दाखवणार, आणि फार वर गेले तर जळणार. सोबतच्या कागदावर हे स्वच्छ छापलेलं होतं. मी तो कागद वाचला. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

"साहेब, वादळात दहा व्होल्ट येतील," मी म्हटलं. "मध्ये दोन रेझिस्टर घालू, म्हणजे निम्मेच कार्डात जातील. संगणकात आकडा दुप्पट करून घेऊ."

"वारा निम्मा करायचा? पाहुणे बघायला येणार आहेत, मादाम!" मग हात झटकून म्हणाले, "पा ग्राव." काही बिघडत नाही.

वादळ आलं. दोन दिवसांनी रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही केंद्रात गेलो. जनरेटरवर संगणक चालूच होता, आणि छापलेल्या कागदावर वरपासून खालपर्यंत एकच आकडा. साहेब खूश झाले.

"बघा, किती स्थिर वारा! लोक उगाच रडतात."

लॉंग माउंटनला माझ्या आईचं छप्पर उडून उसात पडलं होतं. मी तसं सांगितलं.

"खिळे कच्चे असतील," ते म्हणाले.

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि पडद्यावर अजून तोच आकडा. मी बोट दाखवलं. साहेब खिडकीशी गेले, परत आले आणि म्हणाले, "ही क्युरपिपची ओल. यंत्रं टिकतच नाहीत इथं."

वारा मध्यम आणि स्थिर होता, असा अहवाल वर गेला. वरच्यांनीही तो गिळला. तेही त्याच मापाचे.

जळलेल्या कार्डाच्या जागी नवीन आलं तेव्हा मी कुणाला न विचारता रेझिस्टर जोडले आणि संगणकात आकडा दुप्पट करून घेतला. पुढच्या वादळात आकडे चढले, पडले, पुन्हा चढले. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "माझी पद्धत." मध्ये काय जोडलंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांना बढती मिळाली. मी शाळेत शिकवायला गेले. निरोपाला त्यांनी मला एक पेन दिलं. ते मी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला देऊन टाकलं.