ठरावातला राष्ट्रीय पक्षी

"तात्या, आपला राष्ट्रीय पक्षी मोर. हा अमेरिकेचा गरुड आहे."

"आसंल. पण ठराव झालाय," तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे इंदापूरकडच्या एका फळबागायतदार संस्थेचे चेअरमन. मी बारामतीत तीस वर्षं फायबरचे पुतळे करतो. त्यांच्या गेटवरच्या पुतळ्याची ऑर्डर मला मिळाली, सोबत ठरावाची झेरॉक्स. 'प्रवेशद्वारावर राष्ट्रीय पक्ष्याचा पुतळा बसवावा, सोबत चित्र.' चित्रात पांढऱ्या डोक्याचा गरुड. सेक्रेटरींनी तो कुठल्याशा परदेशी कॅलेंडरवरून उचलला होता.

"सभेत कुणाला खटकलं नाही?" मी विचारलं.

"मी वाचाय लागलो आन् मागनं मंजूर, मंजूर सुरू झालं," सेक्रेटरी म्हणाले.

आमच्याकडच्या वार्षिक सभा अशाच चालतात. विषयाचा नंबर पुकारला की मंडळी 'मंजूर' ओरडतात, कारण नंतर जेवण असतं.

गरुडाशी माझं भांडण नव्हतं. पंखांचं काम करायला मला आवडतं. पण चौथऱ्यावर 'राष्ट्रीय पक्षी' कोरायचं होतं आणि खाली माझं नाव. तीस वर्षांत माझ्या कामाला लोकांनी नावं ठेवली असतील, पण मला अडाणी कुणी म्हटलं नव्हतं. त्याचीच मला धास्ती होती.

पुतळा आधी मातीत घडवतात. त्यावरून साचा काढतात आणि साच्यात फायबर चढवतात. साचा निघाला की बदल संपले. म्हणून त्याआधी दोघांना वर्कशॉपवर बोलावलं.

"तात्या, 'राष्ट्रीय' शब्द तेवढा गाळू. नुसतं गरुड लिहू."

"ठरावातला शब्द मी एकटा कसा गाळू? ऑडिटला काय सांगू?"

"मग मोर करतो."

"मोर केला तर चित्र बदललं. त्याला बी ठराव लागतोय."

"घ्या की मग ठराव."

"सभा वर्षातनं एकदा. पाव्हणं तर पुढच्या म्हैन्यात येत्यात उद्घाटनाला."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मग माझं नाव तरी कोरू नका."

"आवो, तुमचं नाव बी ठरावातच हाय," सेक्रेटरींनी कागद पुढं केला.

गरुड बसला. पाहुण्यांनी भाषणात त्याला राष्ट्रीय पक्षी म्हटलं, टाळ्या पडल्या. अमेरिकेत हा पक्षी दोनशेहून जास्त वर्षं सरकारी शिक्क्यावर मिरवला. कायद्यानं राष्ट्रीय पक्षी झाला तो अगदी परवा. इथं त्याचं काम एका सभेत झालं.

पुढच्या वर्षी मजकूर बदलायचा विषय ठेवायला लावला आणि मी स्वतः सभेला जाऊन बसलो. सेक्रेटरी उठले. "विषय सात. गेटवरच्या पुतळ्याबाबत..." मंडळी ओरडली. मीही हात वर करून मोठ्यानं 'मंजूर' म्हणालो. एकदाचं सुटलो असं वाटलं.

जेवताना कळलं, सातवा विषय वेगळाच होता. तेच चित्र, तोच मजकूर आणि खाली माझं नाव डाळिंबाच्या प्रत्येक बॉक्सवर छापायचं. मजकूर बदलायचा विषय आठवा. जेवणाची वेळ झाली म्हणून तो पुढच्या सभेवर ढकलला.

परवा एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. मुलं पेपरात राष्ट्रीय पक्षी गरुड लिहितायत आणि चूक दिली की बॉक्स आणून दाखवतायत. "हे कुणी मंजूर केलं हो?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो.