लातूरआजीच्या गोष्टीतले माझे हुंकार

बाळांनो, माझी बोटं संधिवातानं आखडली, तेव्हा तुमच्या बाबानं तिकडूनच व्हिडिओवर मला संगणकाशी बोलायला शिकवलं. आता मी बोलते आणि तो लिहितो. "मागच्या वाक्यावर जा" म्हटलं की जातो, "शेवटचा शब्द पुसून टाक" म्हटलं की पुसतो. नांदेडच्या या घरात माझं इतकं मुकाट्यानं आजवर कुणी ऐकलेलं नाही. तुम्हाला पाठवलेला प्रत्येक मजकूर मी असा पुन्हा पुन्हा नीट केलेला असतो.

आणि तुम्ही काय म्हणालात? "छान आहे, आजी. पण लातूरआजी सांगते ती बाबाची गोष्ट लिहून पाठव ना!"

लातूरआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचं साड्यांचं दुकान. अकरावी-बारावीला तुमचा बाबा तिच्याकडे होता, कारण हुशार मुलं तेव्हा लातूरलाच धाडायची असत. मुलगा माझा आणि त्याच्या गोष्टी तिच्याजवळ. मला झोंबलं. तरी ती एका लग्नासाठी नांदेडला आली, तेव्हा मी तिला संगणकासमोर बसवलं.

"अक्का, ह्याला काय सांगू? हे तर हं सुदीक म्हणत न्हाई."

"तू बोल. तो लिहील."

"भिंतीशी बोलल्यावानी वाटायलंय. तू हं म्हण, तर सांगते."

ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर गोष्ट अडते, हे आम्ही दोघी सासूबाईंपाशी शिकलो. मी हुंकार देऊ लागले.

"एका परीक्षेत लई कमी मार्क पडले लेकराला. दुकानात गठ्ठ्यांमागं जाऊन बसला."

"हं."

"मी धपाटं अन् दही घेऊन गेले. एवढा उंच पोरगा, पण माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला."

"हं. मग?"

"मग म्हणला, काकू, आईला सांगू नको. ती रागावणार न्हाई, पण कुठं चुकलं ते दाखवत बसंल."

मला हे आजवर ठाऊक नव्हतं.

"अक्का, झोपली का?"

"हं," मी म्हणाले.

ती चहा टाकायला गेली. मी संगणकाला म्हणाले, "'मांडीवर' शब्द असलेल्या वाक्यावर जा." तो गेला. "वाक्य निवड." वाक्य निळं झालं. आता "पुसून टाक" एवढंच म्हणायचं होतं, की माझा मुलगा दुसऱ्या कुणाच्या मांडीवर रडलाच नसता.

तेवढ्यात ती दारातून ओरडली, "अक्का, चहा गार व्हायलाय!" संगणकानं तेही ऐकलं. निवडलेलं वाक्य नाहीसं झालं आणि त्या जागी तिचा चहा येऊन बसला.

"परत आण!" मी म्हणाले. विचार करायच्या आधीच म्हणाले. वाक्य परत आलं.

गोष्ट सोबत पाठवते आहे. तिचे 'लई' आणि 'न्हाई' मी सुधारलेले नाहीत, कारण तुम्हाला तेच आवडतात. मध्ये मध्ये माझे हुंकारही उमटले आहेत. एरवी असली अडगळ मी सगळ्यात आधी काढली असती. या वेळी एकही काढलेला नाही. तुमच्या बाबाची ती गोष्ट तिचीच राहणार, त्याला माझा इलाज नाही. पण वाचताना दर दोन ओळींनी तुम्हाला मी भेटेन.