एकविसाव्या वर्षीचा अहवाल

काही प्रकरणे निवृत्तीबरोबर सुटत नाहीत. माझ्या बाबतीत ते अंबरनाथचे एक खुनाचे प्रकरण आहे. त्यातल्या आरोपीचे नाव मी तेव्हा कुणाला सांगू शकत नव्हते आणि आजही सांगणार नाही. तो सतरा वर्षे चार महिन्यांचा होता, आणि अशा मुलाची ओळख उघड करायची नाही असा कायदा आहे. मी तेव्हा बदलापूरला एकटी राहत होते. नाव सांगायचे नाही म्हणता म्हणता त्या प्रकरणाबद्दल बोलायचेच नाही, अशी सवय लागली.

मी सहायक पोलीस निरीक्षक होते. एका दुपारी चारच्या सुमारास अंबरनाथजवळच्या चिखलोलीतल्या अर्धवट इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. इमारतीच्या सावलीत उभ्या असलेल्या रिक्षात चालक मागच्या सीटवर मरून पडला होता. मानेवर आणि खांद्यावर धारदार हत्याराचे वार होते. वय चौतीस, राहणार बेलवली. रोज दुपारी तो तिथे तासभर झोप काढायचा, हे रिक्षा स्टँडवरच्या सगळ्यांना ठाऊक होते. त्याला झोपेतच मारले होते.

पंचनामा झाला, जबाब सुरू झाले. स्टँडवरचे चालक म्हणाले, "भांडण तर रोजच व्हायचं मॅडम. किसका नाम लें?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शहाळेवाला पोलीस ठाण्यात आला. त्याचा कोयता हरवला होता. ठाणे अंमलदार त्याला परत पाठवत होता. "अरे बाबा, इथे मर्डर चालू आहे. तुझा कोयता कुठे शोधू?"

मी त्याला थांबवले. "कधी गेला?"

"कल दोपहर को, ढाई बजे के आसपास. एक लडका नारियल पानी पीके गया, उसके बाद देखा तो नहीं था. आयटीआय का लडका है, रोज दिखता है. गाल सूजा हुआ था उसका."

किरकोळ तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बसायला सांगावे, हे मी नव्या पोरांना शेवटपर्यंत सांगत आले. त्यामागे हा शहाळेवाला आहे.

पुन्हा स्टँडवर गेले आणि या वेळी भांडणाऐवजी थपडीबद्दल विचारले. मग आठवले त्यांना. खुनाच्याच दिवशी बाराच्या सुमारास एका मुलाने रांग मोडली म्हणून मयताने त्याच्या कानाखाली मारली होती. सगळे हसले होते. तो काही न बोलता निघून गेला होता.

आयटीआयमध्ये चौकशी करून त्याचे नाव-पत्ता मिळाला. मुलाचे घर अंबरनाथ पूर्वेला, एका चाळीत. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. बेड्या नाहीत, कोठडी नाही. त्याला बाल कल्याण अधिकाऱ्याच्या खोलीत बसवले. वडिलांना निरोप दिला होता, पण ते आले नाहीत. आई आली आणि मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

मुलगा म्हणाला, "त्याने सगळ्यांसमोर मारलं. माझं डोकं फिरलं. तसाच गेलो आणि झालं."

आई मध्येच बोलली. मुलाला वाचवायला म्हणून ती बोलली, हे मी आजही खात्रीने सांगते. "नाही हो मॅडम, खोटं बोलतोय तो, घाबरलाय. तो घरी आला होता ना! जेवला. भात पुन्हा मागून घेतला. मग थोडा वेळ पडला होता. असलं काही करायचं असतं तर पोरगं पोटभर जेवलं असतं का?"

मुलाने मान खाली घातली. मला जे हवे होते ते मिळाले होते. थप्पड बाराची, खून तीनच्या सुमाराचा. मधल्या तीन तासांत तो जेवला, आडवा झाला, उठून कोयता उचलला आणि माणूस झोपायची वाट पाहिली. मी आईचा जबाब शब्दशः लिहून घेतला, वाचून दाखवला. ती म्हणाली, "हो, असंच." कोयता त्याने दाखवलेल्या नाल्यातून पंचांसमक्ष जप्त झाला.

सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे बाल न्याय मंडळ आधी तपासते. कृत्याचा परिणाम त्याला समजत होता का, हा मुख्य प्रश्न असतो. त्या तीन तासांनी उत्तर दिले. खटला बाल न्यायालयात चालला, दहा वर्षांची शिक्षा झाली. आईची साक्ष झाली त्या दिवशी ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून थेट माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मी तर चांगलं सांगत होते ना?"

अशा मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगात पाठवत नाहीत, वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात. एकवीस वर्षे पूर्ण झाली की न्यायालय त्याच्याकडे पुन्हा पाहते. तो सुधारला असेल तर देखरेखीखाली सोडायचे, नसेल तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात. त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, अहवाल लागतो. या प्रकरणात न्यायालयाने पोलिसांचेही म्हणणे मागवले. मी दुसऱ्या ठाण्यात होते, पण मूळ तपास माझा, म्हणून कागद माझ्याकडे आला.

आधी बेलवलीला मयताच्या वडिलांकडे गेले. म्हातारा एकटाच होता. सून नातवाला घेऊन माहेरी गेली होती, ती तिकडेच राहिली. मी येण्याचे कारण सांगितले.

"बाई, मला विचाराल तर मी नाहीच म्हणणार. सोडू नका म्हणणार. बाप आहे मी."

"तसं लिहिते."

"लिहा. पण त्याच्या खाली हेही लिहा, की म्हातारा नाही म्हणतो म्हणून त्याला आत ठेवू नका. त्याचं जे काय ते त्याच्याकडे बघून ठरवा."

मी दोन्ही वाक्ये लिहिली.

मग मुलाकडे. दुसऱ्या जिल्ह्यात, साध्या कपड्यांत, एकटी गेले. चार वर्षांपूर्वीचा मुलगा आता पुरुष झाला होता. वायरिंगचे काम शिकला होता, तिथल्या लहान मुलांना शिकवतही होता. अधीक्षक म्हणाले, वर्तन उत्तम, फक्त आईला भेटत नाही. ती दर महिन्याला यायची. गेले वर्षभर तो भेटीला नकार देतो.

मला वाटले, साक्षीचा राग असेल. तसे विचारले.

"राग नाही मॅडम. ती दर वेळी माझी माफी मागते. मी कितीदा सांगितलं, भात मी मागितला होता, तू खोटं बोलली नाहीस. तरी रडते. मला ते बघवत नाही."

मग मी विचारले, "त्या तीन तासांत तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?"

"खरं सांगू? राग नव्हता. राग स्टँडवरच संपला होता. जेवताना एकच येत होतं डोक्यात, उद्या पण मला तिथूनच जायचंय आणि ते सगळे तिथंच असणार. मग तो झोपलेला दिसला. तेव्हा परत फिरता आलं असतं. मला कळत होतं की फिरता येईल. तरी नाही फिरलो."

"हे मी लिहिलं तर तुझ्या विरोधात जाऊ शकतं."

"माहितीये. लिहा."

"आधी कुणाला सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

ठाण्यात परत आल्यावर वरिष्ठ म्हणाले, "एवढं कशाला लिहिताय? 'वर्तन समाधानकारक' लिहा, नाहीतर 'हरकत आहे' लिहा. दोन्ही चालतं." मुलगा बोलला ते सगळे मी लिहिले. शिफारस मात्र केली नाही. खरे तर मला धीर झाला नाही. जो माणूस झोपेत मारला गेला त्याचे प्रेत मी पाहिले होते, आणि हा मुलगाही माझ्यासमोर बसला होता. दोघांना एका ओळीत बसवणे मला जमले नाही.

न्यायाधीशांनी मुलाला समोर बोलावून स्वतः विचारले. त्याने तेच उत्तर दिले. उरलेल्या मुदतीसाठी देखरेख, अंबरनाथ आणि बदलापुरात पाय ठेवायचा नाही, या अटींवर त्याला सोडले. एका दूरच्या शहरात वायरिंगच्या वर्कशॉपमध्ये काम आणि तिथेच झोपायची सोय, असे परिविक्षा अधिकाऱ्याने ठरवून दिले होते. घरी नेणारे कोणी नव्हते. वडिलांनी आईला बजावले होते की तो या घरात येणार नाही.

सोडायच्या दिवशी आई फाटकाबाहेर उभी होती. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला, ती काही बोलायच्या आत म्हणाला, "आई, आज माफी नको मागू." ती नुसती मान हलवत राहिली. तो परिविक्षा अधिकाऱ्याबरोबर गाडीत बसला. गाडी गेल्यावर तिने मला विचारले, "महिन्यातून एकदा भेटायची परवानगी आहे ना?"

"आता परवानगी लागत नाही, ताई."

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी परकी भाषा बोलले होते.

आदेशाची माहिती द्यायला मी पुन्हा बेलवलीला गेले. म्हातारबांनी शांतपणे ऐकून घेतले. "मी नाही म्हणालो होतो, ते लिहिलं होतंत ना?"

"लिहिलं होतं."

"मग बरं झालं. पोराच्या फोटोसमोर उभं राहायला तोंड राहिलं." एवढे बोलून ते आत गेले. चहा विचारायचे राहिले म्हणून पुन्हा दाराशी आले, तोवर मी निघाले होते.

खून कोणी केला हे शोधायला मला दीड दिवस लागला होता. तो मुलगा खरोखर बदलला की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. एकविसाव्या वर्षी कायदा पुन्हा बघायला सांगतो, ते योग्यच आहे. पण बघायचे तर समोर जाऊन बसावे लागते, आणि आम्ही बहुतेक जण टेबलावरूनच लिहितो. चार वर्षांत त्या फाईलवर कितीतरी सह्या झाल्या होत्या, पण ते तीन तास त्याला कोणीच विचारले नव्हते. पहिल्या दिवशी मीही विचारले नाही. मला ते त्याच्या आईकडून मिळाले होते, आणि पुराव्याला तेवढे पुरले होते.