ओटीभर कापूस

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नवराबायको ओसरीत उशी भरत बसलो होतो. तिनं सवयीनं कापूस लुगड्याच्या ओटीत घेतला. मी म्हटलं, "मुकादम आला बरं." ती इतकी हसली की कापूस अंगणभर झाला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. वणीच्या जिनिंगमध्ये हंगाम जोरात होता. फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग, आणि सरकी काढायच्या सगळ्या रेच्यांना तेल द्यायला मी एकटा. त्यात मारेगावकडची एक नवी पोरगी माझ्या गळ्यात टाकली, हिला काम शिकव म्हणून. तिनं आजवर फक्त शेतात कापूस वेचलेला. टोपलं सोडून तिनं रेच्यात टाकायचा कापूस ओटीतच भरला. जिनिंगमध्ये ओटी म्हणजे चोरी. मुकादम धावत आला.

"आत्ताच घरी जाय."

मी म्हटलं, "मीच सांगतलं तिले. टोपल्यापेक्षा लवकर होते."

"दाखव मंग."

मी तेलाचा डबा ठेवला, धोतराची ओटी केली, ठासून कापूस भरला आणि रेच्यापुढं पळत सुटलो. एक म्हातारी ओरडली, "कितवा महिना, भाऊ?" सगळ्या बाया हसल्या. मुकादमही हसत हसत खाली बसला. पोरगी कामावर राहिली.

सुटी झाल्यावर ती मला म्हणाली, "डोहाळे कायचे लागले?" त्यानंतर चार दिवस मी तेल कुठं ओतलं, माझं मलाच ठाऊक नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी हेच आठवून हसत बसलो, उशी अर्धीच राहिली. सकाळी ती उठली नाही. लोक यायच्या आधी मी अंगणातला कापूस धोतराच्या ओटीत गोळा केला, उशी पुरी भरली आणि तिच्या डोक्याखाली ठेवली.