आपांच्या ताटातलं मीठ

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते आणि नेहमी चिडते. कोणाच्या मागे पावलं वाजतात, कोणाला विहिरीपाशी बाई दिसते... आणि एकानेही जवळ जाऊन धड पाहिलेलं नसतं. बॅटरी घ्या, जा, बघा ना! मी नमाज-रोजा पाळणारी बाई आहे. जिन्न असतात असं आमच्यात मानतात, मीही मानते. पण माझ्या स्वयंपाकघरात येऊन उचापती करण्याइतके ते रिकामटेकडे असतील, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

मी रिसोडला राहते, मार्केट यार्डाच्या मागे. डबे देण्याचा माझा धंदा आहे. बँकेतले, तहसीलमधले, बाहेरगावाहून बदली होऊन आलेले एकटे लोक माझ्याकडून डबा घेतात. मिस्टर एस.टी.त कंडक्टर. पहाटेपासून माझा गॅस पेटलेला असतो. मीठ मी मुठीने टाकते, चमचा लागत नाही. आणि अंदाज चुकत नाही, कारण चुकला तर दुपारी फोन वाजायला लागतात. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळा प्रश्न मिठाचाच आहे.

मिस्टरांची मोठी बहीण म्हणजे जैतूनआपा. दिली होती मेडशीला. जिभेला हाड नाही आणि प्रत्येक वाक्यात कसम. 'अल्लाची कसम, भाजी महाग झाली.' 'अल्लाची कसम, बस भरून आली.' मी म्हणायची, "आपा, भाजीवाल्यापाशी तरी अल्लाले मधात नका आनू." त्या म्हणायच्या, "तू नको शिकवू मले."

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या, किडन्या गेल्या होत्या. वाशीमच्या डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद सांगितलं. पूर्ण म्हणजे पूर्ण. शेवटचे काही महिने मी अम्मांचं वेगळं शिजवत होते — अळणी वरण, अळणी दलिया. अम्मा तोंड वाकडं करायच्या, मी तरी भरवायची. तेवढं करूनही त्यांच्या पायांची सूज काही उतरेना. डॉक्टर मलाच विचारायचे, "नक्की मीठ देत नाही ना?" मी म्हणायची, "डॉक्टर, मीठ किती टाकायचं हे मला कळतं, तर किती टाकायचं नाही हेही कळतं." सूज वाढतच गेली. अम्मा गेल्या.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी दुआ करायला, घर बायांनी भरलेलं. मी सगळ्यांना चहा देत होते. आपा सगळ्यांसमोर उठल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिनं माह्या मायले अळणी खाऊ घालू-घालू मारलं. ज्या हातानं माह्या अम्माचं तोंड बेचव केलं, त्या हातचं मी कधी खाईन तर... अल्लाची कसम, नाही खानार!"

मी ट्रे खाली ठेवला. डॉक्टरांचा कागद आणून दाखवावा असं मनात आलं होतं. पण त्या वेळी कागद दाखवणारी बाई आणखीच वाईट दिसते. मी चहा देत राहिले.

नंतरची कित्येक वर्षं आपांनी कसम पाळली. कशी पाळली ते ऐका! ईदीला भावाकडे यायच्याच. एस.टी.तून उतरताना हातात स्वतःचा डबा. माझ्या ओसरीवर बसून, माझ्या बिर्याणीच्या वासात, मेडशीहून आणलेली भाकर आणि चटणी खायच्या. पाणी माझ्या घरचं चालायचं, कारण पाणी शिजवत नाहीत. गल्लीतली पोरंसुद्धा म्हणायची, "डब्बेवालीच्या घरी पावनी डब्बा घेऊन आली."

मग आपांचे मालक वारले. मुलगा पुण्याला, सुनेशी पटेना. मिस्टर जाऊन त्यांना रिसोडला घेऊन आले. मी ओसरीत एक वेगळी शेगडी मांडून दिली, म्हटलं, करा तुमचं तुम्ही. काही दिवस बरं चाललं. मग त्या न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर लागलं. आता शिजवणार कोण?

पहिल्या दिवशी उपाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट समोर ठेवलं आणि म्हटलं, "आपा, खाऊन घ्या. कसमेचं नंतर पाहू." त्यांनी खाल्लं. मुकाट्याने, सगळं. भूक ही भूक असते.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त म्हणून तीन रोजे ठेवले. कसम तुटली की तीन रोजे, असंच आमच्याकडे बहुतेक बाया धरून चालतात. पहाटे सहरीला माझ्याच हातची भाकर, संध्याकाळी इफ्तारला माझीच खिचडी. तिसरा रोजा सोडताना म्हणाल्या, "झालं बाप्पा, हिशोब फिटला." खिचडीचा घास घेतला, आणि थांबल्या.

"दुल्हन, मीठ टाकलं नाही तू."

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोला दुल्हन म्हणतात. माझे केस पिकायला आले, तरी मी दुल्हनच.

"टाकलं. सगळे तेच खाऊन राह्यले."

"अळणी हाये. बदला घेऊन राह्यली काय माह्यावर?"

मी चिडून त्यांच्याच ताटातला घास उचलून तोंडात टाकला. अळणी. अगदी अळणी. पातेल्यातला घास घेतला, तर मीठ व्यवस्थित. मिस्टरांना दोन्ही चाखायला लावलं. ते गोंधळून कधी ताटाकडे, कधी पातेल्याकडे बघत राहिले.

वाचणाऱ्यांनो, मी हातावर हात ठेवून बसले नाही. ताट बदललं. स्टीलचं झालं, काचेचं झालं, शेवटी केळीच्या पानावर वाढलं. वाढायचा डाव बदलला. आपांचं ताट मिस्टरांनी घेतलं, त्यांचं आपांना दिलं. मिस्टरांनी तोवर त्यातलं अर्धं आवडीने खाल्लं होतं. आपांपुढे गेलं की अळणी! वरून मीठ भुरभुरलं, आमच्या डोळ्यांदेखत. काही उपयोग नाही. लोणचं फक्त आंबट आणि तिखट लागायचं. खारी बिस्किटं पुठ्ठ्यासारखी. डब्याच्या लोकांची मात्र त्या सगळ्या काळात एक तक्रार नाही. भाजी एकाच पातेल्यातली!

वाशीमला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, करोनानंतर पुष्कळांची चव जाते. मी म्हटलं, "डॉक्टर, चव ताटाची गेलीय, आपांची नाही. मी चाखते तर मलाही लागत नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच तपासायला हवं. गोळ्या लिहून दिल्या.

आपांचं जेवण सुटत चाललं. चार घास खायच्या आणि ताट सारायच्या. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आणि गल्लीत काय सुरू झालं असेल? बरोबर. पहिले सासू अळणी खाऊन गेली, आता नणंदेचा नंबर! हे मला तोंडावर सांगायची कोणाची हिंमत नव्हती, पण मी नळावर गेले की बायांचं बोलणं बंद पडायचं. त्यात एकीने कुठल्याशा बाबाचा ताईत आणून दिला. मी तो परत तिच्या हातात ठेवला.

शेवटी मी सुमय्याला घरी बोलावलं. ही आमच्याच मोहल्ल्यातली पोरगी. मदरशात धर्माचं शिकून आलिमा होऊन आली आहे, मुलींना शिकवते. डोकं ठिकाणावर आहे तिचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मिठाबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, "कफ्फारा काय दिला आपा तुमी?"

"तीन रोजे."

"काहून? मेडशीचं वावर ठेक्यानं लावून देलं ना तुमी? पैसे येतात ना त्याचे?"

"येतात."

"मंग रोजे कसे चालतीन? पहिले दहा मिस्कीनांले जेवू घालाचं, घरात आपन रोज खातो तसं, नाहीतर कपडे द्याचे. ज्याची ऐपतच नाही त्याच्यासाठी रोजे हायेत. तुमी तं सगळ्यात शेवटचं आन् फुकटातलं उचललं!"

आपा म्हणाल्या, "मले वाटलं उपास कठीण, म्हनून तोच खरा."

मला हसू आवरेना. वर्षानुवर्षं भावाच्या दारात स्वतःची भाकर बांधून आणणारी बाई, तिला दुसऱ्याला जेवू घालण्यापेक्षा स्वतः उपाशी राहणं सोपं वाटणारच!

दुसऱ्याच शुक्रवारी दहा गरीब माणसं ओसरीत जेवली, दोन्ही वेळ. आपांच्या पैशाने, माझ्या हातचं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळ्या. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. एक म्हातारी तर आपांच्या गालावरून हात फिरवून गेली. सगळे उठल्यावर मी आपांचं ताट वाढलं आणि समोरच बसले. त्यांनी घास घेतला. मान हलवली. मी चाखलं.

अळणी!

त्या दिवशी मी इतकी वैतागले की डाव भिंतीवर फेकला. तेव्हापासून मी एक केलं — वरणाला मीठ घालायच्या आधीच आपांची वाटी बाजूला काढायला लागले. नाहीतरी लागत नाही, तर मीठ वाया कशाला घालवू? आपांना सांगितलंही नाही.

सुमय्या पुन्हा आली. दुपार होती, डबे गेले होते, मी कुकर घासत होते. तिने आपांना विचारलं, "कसम खाल्ली तवा तुमी नेमकं काय बोलल्या होत्या?" आपांनी सांगितलं, हळू आवाजात. मी अम्मांना अळणी घालून मारलं, हे.

"कसम तोडली तो अल्लाचा मामला. त्याचा कफ्फारा झाला," सुमय्या म्हणाली. "पन ही तोहमत हाये, आपा, खोटा आळ. ती ज्याच्यावर लावली त्याचा हक असते. तो मानूस माफ करीन तवाच तौबा पुरी होते. आन् ती तं तुमच्या समोर कुकर घासून राह्यली."

एवढं बोलून ती गेली. मला वाटलं, आपा आता पडतील पुन्हा भिंतीकडे तोंड करून. पण त्या उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"दुल्हन, तुले माईत नाही... मी भेटाले येत होती तवा ओढनीच्या गाठीत मीठ आनत होती."

मी घासणी खाली ठेवली.

"अम्मा मांगे. रडे वो लहान लेकरासारखी. तू बाहेर गेली का मी तिच्या दलियात टाकत होती. पापड बी देत होती. डाक्टरनं मना केलं ते अम्मानंच मले सांगतलं होतं. तरी देल्लं. मंग पाय सुजले... आन् जियारतीले सगळ्या बाया माह्याकडे पाहून राह्यल्या असं वाटलं मले. म्हनून तुह्याकडे बोट केलं."

काही लोक म्हणतील, अशा वेळी गळ्यात पडून रडायचं असतं. मला राग आला होता. नुसता राग. ती सूज, डॉक्टरांचे प्रश्न, नळावर गप्प होणाऱ्या बाया, आणि ईदीला ओसरीवर उघडलेला तो डबा... मी कुकर पूर्ण घासला, विसळला, पालथा घातला. आपा उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

"बायायले सांगान?" मी विचारलं.

"सांगीन. आजच सांगतो नळावर जाऊन."

"कसम खाऊ नका पन."

"नाही खात."

"मंग केलं माफ. या आता, जेवून घ्या. वरण थंड झालं."

मी ताट वाढलं. पोळी, भाजी, आणि नेहमीप्रमाणे बाजूला काढून ठेवलेली ती वरणाची वाटी. आपांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला, तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"दुल्हन, आज मीठ जरा जास्त पडलं वो."

मी वाटी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि चाखली. खारं होतं. खरंच थोडं जास्त होतं. पातेल्यातलं चाखलं, ते रोजच्यासारखं बरोबर. मिस्टर ड्यूटीवर, घरात आम्ही दोघीच, मिठाचा डबा वरच्या फळीवर, झाकण घट्ट. आपांचा हात तिथे पोचत नाही. आणि त्या वाटीत मी मीठ टाकलं नव्हतं.

आपांनी संध्याकाळी नळावर जाऊन सगळ्या बायांसमोर सांगितलं. आता त्या नीट जेवतात, अंगावर मांस आलंय. रोज काहीतरी खोट काढतात, आज खारट, उद्या फिक्कं, आणि मी रोज चाखून बघते. फिक्कं म्हणाल्या की हातातली पोळी तव्यावर टाकून धावते. आजवर मीठ बरोबरच निघालंय.

ती वाटी कशी खारी झाली, याचा मी पुष्कळ विचार केला. डब्याच्या एका साहेबांनी, जे शास्त्र शिकलेले आहेत, बरंच काही समजावलं. मी त्यांना एवढंच विचारलं, की मग टाकलं कोणी? ते म्हणाले, "काकू, आज भाजी छान झाली होती," आणि डबा घेऊन गेले.