किल्लारीत एक मुक्काम, लिथियमच्या भरवशावर

लोकांची लग्नं उजळवण्यात माझं आयुष्य गेलं. खांबावर चढून वायर ओढण्यापासून सुरुवात केली, आज नांदेडात स्वतःचा मंडप आणि लायटिंगचा धंदा आहे. पण घरचा एक दिवा मला रात्रभर चालू ठेवता आला नाही, आणि त्यापायी ही सहल घडली.

आमच्या मंडळींचं, शोभाचं, माहेर किल्लारी. भूकंपाच्या रात्री ती तिथंच होती. अंधारात ढिगाऱ्याखाली गेली, उजाडल्यावर लोकांनी बाहेर काढली. तेव्हापासून ती अंधारात झोपत नाही. आमच्या खोलीत झिरोचा बल्ब जळतोच. माहेरी मुक्काम तर नाहीच. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत निघायचं. यंदा तिच्या आईनं फोनवर म्हटलं, "एक रात तरी राहून जा गं. मी थकले आता."

शोभानं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, राहीन, पण आपल्या डब्यात, आणि दिवा गेला नाही पाहिजे.

डबा म्हणजे माझी घरगाडी. जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा, फ्रीज, छोटा कूलर, टपावर सोलर. आतल्या विजेसाठी ॲसिडच्या दोन बॅटऱ्या. गेल्या उन्हाळ्यात माहूरला त्यांनी दगा दिला. दिवा आधी पिवळा झाला, मग तांबडा, मग गेला. शोभा उजाडेपर्यंत रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली आणि सकाळी म्हणाली, डबा विकून टाका. टॉर्च द्यायची होती, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. टॉर्च हातात धरून झोपणं म्हणजे अंधाराची वाट बघत बसणं, हे तिचं उत्तर.

म्हणजे आता दिवा गेला तर गाडीही गेली आणि माहेरचा मुक्कामही. ठरवलं, बॅटरी बदलायची, लिथियम बसवायची. लातूर वाटेतच, आणि तिथले अप्पा माझे पहिल्यापासूनचे बॅटरीवाले.

अर्धापूरच्या केळ्यांचा घड गाडीत टांगून सकाळी लवकर निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. रस्ता चांगला, रमतगमत तीन तास धरा. अहमदपूरला चहा आणि भजी घ्या, पुढं बरं हॉटेल पटकन सापडत नाही.

अप्पा दुकानाच्या पायरीवरच बसले होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात स्क्रू-ड्रायव्हर. मी सवयीप्रमाणं आधी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उतरवला. बॅटरी म्हटली की पाणी घालायचं हे हातात बसलेलं. अप्पांनी कॅनकडं पाहिलं, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून म्हणाले, "बघा, नांदेडचं पावणं आलं, येताना पाणी घेऊन आलं. लातूरची लई काळजी हाय त्यान्ला."

लिथियमला पाणी लागत नाही, हे तेव्हा कळलं. मग मी जुना चार्जर तसाच वापरू म्हटलं, तर त्यावरही ऐकून घ्यावं लागलं. "नवी सून आणायची आन् चूल जुन्या सासूच्या ताब्यात? चालंल का?" तर वाचकहो, नुसती बॅटरी बदलून भागत नाही. चार्जर लिथियमचा हवा. चालत्या इंजिनावरून भरायची तर मध्ये वेगळं यंत्र बसवावं लागतं, नाहीतर इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर तापून जळतो. आणि किती गेली, किती उरली हे मोजणारं मीटर हवं. सगळं मिळून लाखाच्या आसपास तयारी ठेवा.

जुन्या दोन बॅटऱ्या उतरवायला आम्ही तिघं लागलो. त्या दोन्हींची जागा घेणारी एक नवी अप्पांनी एकट्यानं उचलून आत ठेवली. शोभानं तिला हळद-कुंकू वाहिलं. "झाकणावर वहा वहिनी, पितळी टोकांना नको," एवढंच अप्पा म्हणाले. मग कूलर लावला, फ्रीज लावला, इंडक्शनवर चहा ठेवला आणि दिव्याकडं बघत उभा राहिलो. आधी इंडक्शन लावलं की दिवा पापणी मिटायचा. आज हललासुद्धा नाही. आयुष्यभर जनरेटरच्या धडधडीत जगलेला माणूस मी. एवढी ताकद आवाज न करता काम करते हे बघून अंगावर काटा आला.

तेवढ्यात अप्पांनी बजावलं, "ॲसिडची बॅटरी म्हाताऱ्यावाणी असती, कण्हत कण्हत जाती. ही सांगत न्हाई. शेवटपर्यंत ताठ, मग खटकन बंद. दिव्याकडं बघू नका, आकड्याकडं बघा."

"खटकन म्हणजे एकदम अंधारच की," शोभा म्हणाली. अप्पांनी माझ्या मोबाईलवर मीटरचा आकडा दिसायची सोय करून दिली.

गाड्यावर निलंगा राईस खाल्ला (तिखट बेतानं सांगा) आणि औशावरून किल्लारी गाठली. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव सरळ गल्ल्यांचं, घरं ऐसपैस. माझा मेहुणा बालाजी याचं घर भूकंप झेलणारं, पक्कं. त्याला लागून पत्र्याचं शेड, आणि सगळं घर झोपतं त्या शेडात. गल्लीत बघत गेलो तर बऱ्याच घरांना असं शेड. बालाजीला विचारलं, तर म्हणाला, "घर पावण्यांना दाखवायला हाय दाजी. झोप पत्र्याखालीच लागती."

जेवणात बोरसुरीच्या तुरीचं वरण आणि भाकरी. त्या डाळीचा वास अजून नाकात आहे. जेवणं झाल्यावर सासूबाई काठी टेकत डब्यात चढल्या, वर छताला हात लावून म्हणाल्या, "पत्राच हाय न्हवं?" आणि माझ्या पलंगावर आडव्या झाल्या. त्यामुळं मी अंगणात बाजेवर. खिडकीतून पांढरा उजेड पडला होता. आकडा बघत बघत डोळा लागला.

पहाटे जाग आली तर खिडकी काळी.

खटकन. मोबाईल चाचपला. आकडा होता बहात्तर टक्के शिल्लक. पुन्हा बघितला. बहात्तरच. चप्पल न घालता दाराशी गेलो तर शोभा पायरीवर बसलेली, केस विंचरत.

"दिवा?"

"मीच बंद केला. आईच्या डोळ्यावर येत होता."

आत सासूबाई घोरत होत्या. मी बॅटरीच्या कप्प्याशी उगाच उभा राहिलो. एवढी ताकद त्यात शिल्लक होती आणि तिला ती लागली नव्हती.

परतताना चाकूरच्या पुढं विचारलं, भीती नाही वाटली? तिनं केळं सोललं, अर्धं मला दिलं.

"तिथलं पडायचं ते पडून गेलं. आता काय पडणार?"

नांदेडात रात्री तिनं सवयीनं झिरोचा बल्ब लावला. मी वर छताकडं बघितलं. आमचं घर स्लॅबचं आहे. वर दोन मजले आहेत.