कमांडर साहेबांना पडेगावहून

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकाही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यात मीही आलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी मी खरंच नोकरीला जातो की नाही, याची चौकशी ते अजून आमच्या ऑफिसच्या शिपायाकडे करतात. पडेगावात राहतात, तीसेक मेंढरं पाळतात. पाचोडच्या बाजारात मेंढी घ्यायची तर आधी तिचे दात बघतात, मग विकणाऱ्याचा चेहरा, मग पुन्हा दात. डॉक्टरांनी 'ताप नाही' म्हटलं, तर तेच थर्मामीटर शेजारच्या पेशंटला लावून बघायला सांगतात.

सीमेवर लढाई पेटली तेव्हा मामांचा धाकटा मुलगा फौजेत, तिकडेच होता. पुढे टीव्हीवाले 'लढाई संपत आली' म्हणू लागले आणि मामांचा संशय दुप्पट झाला. त्यांना लिहिता येत नाही. मला बोलावून म्हणाले, "जावईबापू, लिवा. कमांडर साहेबाला." मी लिहिलं. मी भलतंच काही लिहिलं नाही ना, म्हणून त्यांनी ते मेडिकलवाल्याकडून वाचून घेतलं. तो मला सामील नाही ना, म्हणून पुन्हा माझ्या मुलीकडून. अशी पाच पत्रं गेली. मजकूर प्रत्येक वेळी तोच. "साहेब, जनावर जाताना हरवत नाय, तवा समद्यांचं ध्यान असतं. हरवतं ते परतताना, गाव दिसाया लागलं की. राखणारा ढिला पडतो. तर परतताना पोरं तुमी सोता मोजा. आकड्यानं नको, तोंडं बघून."

यात त्यांनी पदरचं काही घातलं नव्हतं. दौलताबादच्या बाजूनं कळप परतला की मामा कुंपणाच्या दारात उभे राहून एकेकीच्या डोक्याला हात लावतात, तेव्हाच ती आली असं धरतात.

"मामा, साहेबांच्या हाताखाली हजारो माणसं असतात," मी म्हणालो.

"म्हणूनच लिवायचं. आपला तिकडं एकच हाय, आपण कशाला इसरतो?"

लढाई थांबली. मामांना ते पटलं नाही. मुलाचा फोन आला, तर त्याला विचारलं, कान फाटलेली मेंढी कोणती? त्यानं बरोबर सांगितलं. "कुणी शिकवलं असंल," म्हणत मामांनी फोन माझ्या हातात दिला.

महिन्यानं तो घरी आला. मामा कुंपणाच्या दारातच उभे होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मी उगाच मेंढरांकडे बघत राहिलो. जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, "समदे आले ना रं?" त्यानं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला बोलावणं आलं. "लिवा. साहेब, माझा पोचला. बाकीच्यांच्या घरी कुणी दारात हुबं आसंल, त्यास्नी तुमी सोता कळवा." हे पत्र मात्र त्यांनी कुणाकडूनही वाचून घेतलं नाही. माझ्याच हातात देऊन म्हणाले, "तुमीच टाका."

उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की मामा उठून दाराशी जातात, आणि तो पुढे निघून गेला तरी थोडा वेळ तिथंच थांबतात.